मायाप्पांचा साक्षीदार

रविवारी आपण व्हिडिओवर बोलतो तेव्हा तुम्ही दोघं मला हमखास विचारायचात, "आजी, मागे कोण ओरडतंय? भांडण चाललंय का?" भांडण नाही. आमच्या शेजारचे मायाप्पा मक्याची हजेरी घेत असायचे.

फोनवर हे सांगायला लागले की तुमची झोपायची वेळ होते आणि गोष्ट अर्धी राहते. म्हणून लिहूनच काढते. सगळी गमतीची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

रोज सकाळी मायाप्पा आपल्या रानाच्या बांधावर ताठ उभे राहत. शर्टाची गळ्याची गुंडी लावत, घसा खाकरत आणि पुकारा करत. "पट्टा नंबर एऽऽक! पट्टा नंबर एऽऽक! पट्टा नंबर एऽऽक!" तीन वेळा. मका काही उत्तर देत नसे. मायाप्पा माणसाला उठून उभं राहायला लागेल तेवढा वेळ थांबत, मग स्वतःच हळू आवाजात "हजर" म्हणत आणि पुढच्या पट्ट्याकडे वळत.

ते वडूजच्या कोर्टात शिपाई होते. सगळी नोकरी त्यांनी दारात उभं राहून पुकारा करण्यात घालवली. न्यायाधीश बदलले, वकील म्हातारे झाले, आवाज मात्र मायाप्पांचाच राहिला. त्या आवाजाचा धसका असा की एका लग्नात नवऱ्या मुलाला मांडवात बोलवायचं काम त्यांच्याकडे दिलं, तर तो बिचारा हात जोडूनच बाहेर आला. त्याच्या मामाने विचारलं, "काय केलंस रं?" मुलगा म्हणाला, "काय न्हाई मामा, पर आवाज आयकून वाटलं काईतरी केलंच आसंल."

कोर्ट सुटलं तरी कोर्टाची भाषा सुटली नाही. त्यांचा आवडता शब्द पुरावा. गावात कुणाचं काय चाललंय हे सांगायला कोणी आलं की मायाप्पा एक बोट वर करतात. "पुरावा?" सांगणारा तिथेच गार पडतो. घरातही तेच. त्यांची बायको हौसाबाई जत तालुक्यातली. बोलते मराठीच, पण चिडली की कानडीत शिरते. मायाप्पा एकदा जेवताना म्हणाले, "आमटीत मीठ न्हाई." ती म्हणाली, "पुरावा?" ते म्हणाले, "ही माजी जीब." ती म्हणाली, "ती तर घरचीच साक्ष. कोन धरतंय?" मायाप्पांनी आमटी तशीच ओरपली. मुद्दा कायद्याला धरून होता.

मायाप्पांकडे एक यंत्र आहे, आता त्याबद्दल. काठीच्या टोकाला जेवणाच्या डब्याएवढी पेटी आहे. ती पिकावर धरून चालायचं. ती पिकावर आपला उजेड टाकते, पानांवरून किती परत आला ते बघते आणि शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा दाखवते. पानं जितकी भरलेली आणि निरोगी, तितका आकडा एकाच्या जवळ. किडीने पानं खाल्ली की आकडा घसरतो. डोळ्याला सगळंच हिरवं दिसत असतं तेव्हाही हा फरक तिला कळतो.

हे यंत्र मायाप्पांच्या मुलीने आणलं. सारिकाने. शेतकी कॉलेजात शिकत होती. बारावीला तिचं इंग्रजी मी घेतलं होतं. मक्यावर लष्करी अळी येते, ती कोवळ्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, शिरून बसते आणि आतून खात राहते. तिला मारायला लोक पेरणीपासूनच औषधं वापरतात. सारिकाचा प्रश्न साधा होता. सुरुवातीच्या या औषधांचा खरंच किती उपयोग होतो? अंदाजाने नको, मोजून सांगा. प्रयोगाला रान हवं होतं, ते बापाने दिलं आणि त्याचे चार पट्टे पाडले. तीन हंगामांची मापं घ्यायची होती. दोन तिने घेतली. मग तिला ताप आला आणि ती गेली.

तिच्या कॉलेजातले सर भेटायला आले होते, तेव्हा मी तिथेच बसले होते. ते म्हणाले, दोन हंगामांवर काही छापता येत नाही. तिसरा झाला असता तर लेख झाला असता आणि त्यावर पहिलं नाव सारिकाचं आलं असतं.  मायाप्पांनी विचारलं, "तिसरा हंगाम मी घेतला तर नाव यील?" सर म्हणाले, तिने घेतलं तसंच्या तसं माप घेतलंत तर येईल. प्रकल्पाची मुदत या हंगामापर्यंत आहे, त्यानंतर यंत्र परत द्यावं लागेल.

म्हणजे मायाप्पांना एवढंच हवं होतं. लेकीचं नाव छापून यावं.

यंत्राची माहितीपुस्तिका इंग्रजीत. ती घेऊन ते माझ्याकडे आले. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची आणि त्यांनी मान हलवायची. दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊनच आले आणि आमच्या बैठकीच्या कोपऱ्यातल्या कुंडीवर त्यांनी ते धरलं.

"बाई, तुमचं झाड मेल्यालं हाय."

"अहो, ते प्लॅस्टिकचं आहे."

"मग यंत्र खरं बोलतंय," असं म्हणून ते समाधानाने निघून गेले. त्या आठवड्यात त्यांनी गावातल्या सगळ्या हिरव्या वस्तूंची उलटतपासणी घेतली. मुनीर आत्ताराच्या दुकानाचं हिरवं दार नापास झालं. पंचायतीसमोरचा कडुनिंब पास झाला. एका उमेदवाराने वाटलेली हिरवी टोपी अगदी तळाला गेली. मायाप्पा म्हणाले, "रंगाला फसत न्हाई हे. आमच्या कोर्टात पायजे हुतं."

माप घेताना यंत्राची उंची कायम राहायला हवी. म्हणून त्यांनी यंत्राला सुतळी बांधून तिच्या टोकाला लोखंडी नट अडकवला, तो शेंड्यांना जेमतेम लागेल इतकाच खाली. चालण्याचा वेग एकसारखा हवा, म्हणून ते लग्नातल्या करवल्यांसारखे हळू हळू चालत. हौसाबाईच्या हिरव्या लुगड्याला रानात बंदी झाली. न जाणो, यंत्राने तिलाच मोजलं तर! मी सांगितलं की असं होणार नाही. ते म्हणाले, "बाई, खातरी हाय का तुमाला?" आता शंभर टक्के खात्री कशाची देणार? बंदी राहिली.

सगळ्यात राग गवतावर. ते उगवलं की यंत्र त्यालाही हिरवं म्हणून मोजतं आणि आकडा फुगतो. मायाप्पा गुडघ्यावर बसून एकेक काडी उपटत आणि तिला झापत, "खोटी साक्ष देतीस व्हय?"

पण भांडण पेटलं ते चौथ्या पट्ट्यावरून. औषधाने काय फरक पडला हे कळायचं तर एक पट्टा औषधाशिवाय ठेवावा लागतो. बियाण्याला काही चोळायचं नाही, वर फवारायचं नाही, अळी आली तर येऊ द्यायची. मग त्याच्याशी बाकीचे पट्टे ताडून बघायचे. सारिकाने दोन्ही वर्षं असा पट्टा ठेवला होता. मायाप्पांनी त्याचं नाव ठेवलं साक्षीदार.

"साक्षीदार ठेवल्याबिगर केस उबी ऱ्हात न्हाई," ते ज्याला त्याला सांगत.

मुनीरचं औषधांचं दुकान आहे आणि रानही मायाप्पांच्या रानाला लागून. तो एक दिवस बांधावर येऊन उभा राहिला.

"अप्पा, तुज्या साक्षीदारानं माज्या मक्यात पावनं धाडल्यात. लय खात्यात गड्या."

"पुरावा?"

"ह्यो बग." मुनीरने तळहात पुढे केला. त्यावर एक जाडजूड अळी होती.

मायाप्पांनी चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं. "ही माज्याच रानातली कशावरनं? नाव इचारलंस का?"

मुनीर हसत सुटला. "दोस्ता, तू ठार येडा हाईस. औशद मी फुकाट देतो, पर ह्येचा बंदोबस्त कर."

"द्यायचं न्हाई, मुनीर. तिनं लिवून ठिवलंय, द्यायचं न्हाई."

 सारिका मुनीरच्या दुकानाच्या पायरीवर बसून औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचत असे आणि त्याला बोलत असे, "चाचा, ह्यातलं निम्मं उगाच विकताय तुम्ही." मुनीर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बाई, हितं आता मी काय बोलू?" आणि त्याने आपल्या बाजूच्या चार ओळी जास्त फवारून घेतल्या.

हौसाबाईला मात्र तो पट्टा बघवत नसे. मायाप्पांचं घराणं मेंढरं राखणारं. त्यांचा धाकटा भाऊ अजूनही कळप घेऊन दिवाळीनंतर घाट उतरतो. त्यांच्यात रीत आहे की वाटेत एखादं कोकरू आजारी पडलं तर त्याला मागे सोडायचं नाही, घोंगडीत घालून पाठीवर न्यायचं, मग ते जगो की मरो. हौसाबाई नवऱ्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "धनगराच्या पोटी जल्मला आन दुकनाईत कोकरू वाटंवर टाकून चाललाय. वर त्येची हजेरी घेतोय."

"मका हाय ती, हौसे. कोकरू न्हवं."

"जीव हाय न्हवं का?"

हौसाबाई एरवी माझ्याकडे फारशी बसत नाही. त्या दिवशी दुपारी आली, चहाचा कप हातात धरून बसली आणि प्यायली नाही. सारिकाच्या तापाचं मला तुकड्यातुकड्याने माहीत होतं, तिने सलग सांगितलं. ताप आला त्याच दिवशी हौसाबाई म्हणाली होती, साताऱ्याला नेऊ. गावातले डॉक्टर म्हणाले, रक्त तपासायला देऊन ठेवू, पण न्यायचं तर न्या. मायाप्पा म्हणाले, रिपोर्ट येऊ दे. काय झालंय ते कळल्याशिवाय मोठ्या दवाखान्यात जाऊन सांगायचं काय? सारिकासुद्धा अंथरुणातून म्हणाली, "आण्णाचं बरोबर हाय आई, रिपोर्ट येऊ दे." बापलेक एका विचाराचे. रिपोर्ट आला तो डेंग्यूचा. गाडी कोरेगावच्या पुढे गेली तेव्हा पोरगी ओळखेनाशी झाली होती.

"बाई," हौसाबाई म्हणाली, "म्या त्येस्नी एक शबुद बोलले न्हाई आजून. बोलून काय हुनार?"

कप तसाच ठेवून ती गेली.

पेरणीनंतरचे आठवडे सरले. यंत्राचे आकडे मायाप्पा मला आणून सांगत आणि मी ते सरांना इंग्रजीत कळवत असे. साक्षीदार मागे पडत चालला. आधी इतका थोडा की मला वाटलं काठी हलली असेल. मग स्पष्ट. बाकीचे पट्टे वर चढत होते आणि तो जागेवरच होता. नंतर खाली यायला लागला. प्रयोग म्हणून हे फारच चांगलं होतं. सरांनी कळवलं, उत्तम मापं आहेत, सारिकाच्या दोन्ही हंगामांच्या मापांशी जुळतायत, आता शेवटचं माप दहा दिवसांनी घ्या, तोवर कशालाही हात लावू नका.

मी धावत जाऊन ते वाचून दाखवलं. "अप्पा, दहा दिवस. मग झालंच."

"केस चांगली चाललीया," मायाप्पा म्हणाले. चेहरा कोरडा होता. ते साक्षीदाराच्या कडेला बसले होते. पोंग्यांमध्ये लाकडाच्या भुशासारखी अळीची घाण साचली होती. कोवळी पानं चाळणीसारखी झाली होती आणि काही रोपांचे शेंडे आतूनच तुटून आले होते. त्यांनी एका रोपाला बोट लावलं. शेंडा हातात आला. तो त्यांनी टाकला नाही, खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुकारा झाला तो तीन पट्ट्यांचा. चौथ्याचं नाव मी चहा घेताना ऐकलं नाही. वाटलं, आवाज बसला असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तीनच.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी फिरायला म्हणून बांधावर गेले. मायाप्पांच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. तोंडाला उपरणं बांधलेलं. ते चौथ्या पट्ट्यात होते.

"अप्पा! अहो, तो साक्षीदार आहे!"

ते थांबले नाहीत. ओळीच्या टोकापर्यंत गेले, वळले, दुसरी ओळ धरली. एकेका पोंग्यावर नळी थांबवत, अगदी लहान मुलाच्या तोंडात औषध घालावं तसं जपून. मी बांधावरच उभी राहिले.  पट्टा संपल्यावर ते बांधावर आले, पंप उतरवला आणि उपरणं खाली केलं.

"सर म्हनत्यात, धा दिस थांबा, रिपोर्ट पुरा हू दे." त्यांना धाप लागली होती. "धा दिसात काय ऱ्हातंय, बाई?"

हौसाबाई घरातून येताना दिसली. तिच्या हातात साबण आणि पाण्याची कळशी होती.  "हात म्होरं करा," म्हणाली आणि कोपरापर्यंत त्यांचे हात तिनेच चोळून धुतले.

तेवढ्यात मुनीरही आला. औषध त्याच्याच दुकानातून गेलं होतं, त्यामुळे त्याला आधीच ठाऊक होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, एक सांगू? फवारलं ते आपल्या चौघातच ऱ्हाईल. पयल्या मापापरमानं चौथ्याचा आकडा म्होरं ठोकून दे. पोरीचं नाव यील. कोन बगाय येतंय हितं?"

खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी ते बरोबर वाटलं. आकडे सरांना कळवणारी मीच होते.

मायाप्पा त्याच्याकडे वळले. रागाने नाही. "मुनीर, तिचं नाव लागनार हाय त्यावर. खोट्या कागदावर लावू व्हय तिचं नाव?"



"बाई, फोन लावा सरास्नी. आत्ताच लावा."

मी लावला. स्पीकर चालू केला. मायाप्पा उभे राहिले, ओल्या हातांनीच शर्टाची गळ्याची गुंडी लावली. कोर्टात पुकारा करणारा तो आवाज आता इतका खाली गेला की सरांना दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागलं.

"सर, साक्षीदार फुटला. मीच फोडला. औशद मारलं त्येला. आजच. माप ग्येलं आता."

 सर भले माणूस. रागावले नाहीत. म्हणाले, काही दुसरा मार्ग निघतो का बघतो. दोन दिवसांनी त्यांनी मला कळवलं की नाही निघत. तुलनेला औषधाशिवायचा पट्टाच उरला नाही, त्यामुळे हा हंगाम धरता येणार नाही आणि प्रकल्पाची मुदत वाढवून मिळत नाही. मी ते मायाप्पांना मराठीत सांगितलं. एकही शब्द मऊ करून सांगितला नाही, कारण त्यांनी ते ओळखलं असतं. ते म्हणाले, "बराबर हाय त्येंचं. मीबी हाच निकाल दिला आसता."

त्यानंतर सकाळचा पुकारा बंद झाला. म्हणून गेल्या रविवारी तुम्हाला विचारावं लागलं, "आजी, आज शांत कसं?" त्याचं उत्तर हे.

यंत्र या महिन्याअखेर परत न्यायला कॉलेजचा माणूस येणार आहे. कुणाला काही कळवायचं नाही, तरी मायाप्पा ते रोज घेऊन रानात जातात. फक्त चौथ्या पट्ट्यात. करवलीसारखी ती हळू चाल नाही, सुतळीचा नट नाही. एकेका रोपापाशी वाकतात, पेटी वर धरतात, आकडा बघतात आणि पुढच्या रोपाकडे जातात. हौसाबाई बांधावर बसून असते. काल तिच्या शेजारी मीही बसले होते. बरीचशी रोपं गेलीच आहेत. काहींना मात्र मधून नवा पोंगा फुटतोय, करंगळीएवढा.

मी विचारलं, "अप्पा, आता कशाला मोजताय?"

"मोजतंय कोन?" ते पेटीवरून नजर न काढता म्हणाले. मग हौसाबाईकडे वळले. किती दिवसांनी तिच्याकडे बघून बोलले असतील कोण जाणे.

"हौसे, हिला आज जरा तरतरी हाय. कालच्यापरास बरं हाय."